कॉलेज रोडवरचा टायटल ॲनिमेशनचा क्लास, आठ रविवारांनंतर

परवाच्या रविवारी आठवा आणि शेवटचा क्लास झाला, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते. कारण क्लास लावायच्या आधी मी दोन महिने विचारत फिरले होते आणि नाशकात कुणी धड सांगू शकलं नव्हतं की हे मोशन डिझाइन, म्हणजे पडद्यावर अक्षरं-आकृत्या हलवायचं काम, शिकायला मुंबई-पुण्याला जावं लागतं की इथेच काही मिळतं. तर मिळतं. कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर, आधी जिथे योगाचे वर्ग चालायचे त्या हॉलमध्ये. नाव मुद्दाम लिहीत नाही, बारा जणांच्या बॅचचा लहानसा क्लास आहे आणि पुढे ज्या तक्रारी लिहिल्यात त्या सरांना समोरासमोर सांगून झाल्यात, नाव घालून गावभर करायच्या नाहीत. एडिटिंगच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा, पत्ता सांगतील.

मी सिडकोत राहते, नऊ वर्षं लग्नाचे, मुंजीचे, साखरपुड्याचे व्हिडिओ एडिट करते. टायटल, म्हणजे व्हिडिओच्या सुरुवातीला येणारी हलती नावं, आमच्याकडे म्हणजे टेम्प्लेट, तयार साचा. सोनेरी अक्षरं फिरत येतात, त्यांच्यावरून एक चमक जाते, मागे पाकळ्या पडतात, आपण फक्त नावं बदलायची आणि रेंडरला लावायचं, म्हणजे कॉम्प्युटर व्हिडिओ बनवून देतो. गेल्या लग्नसराईत एका मुलीचे वडील पेनड्राइव्ह घ्यायला आले होते, त्यांनी पहिलं मिनिट बघितलं आणि म्हणाले, ताई हेच टायटल आमच्या साडूच्या मुलाच्या लग्नात होतं की. अगदी साधेपणाने म्हणाले, भांडायला नव्हते आले. पण मला ते लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं. त्या माणसाने मुलीच्या लग्नाला आयुष्यभराची कमाई लावली आणि मी त्याला साडूच्या घरचं टायटल दिलं.

फी ९,५०० रुपये, दोन हप्त्यांत. आठ रविवार, सकाळी १० ते २. लॅपटॉप आपला न्यायचा, तिथे तीन कॉम्प्युटर आहेत पण ते जुने आहेत, त्यांच्या भरवशावर जाऊ नका. सर आधी मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये होते, आता इथेच राहतात.

पहिल्या रविवारी मी लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं वागवत गेले आणि सरांनी सगळ्यांना बॅगा भिंतीला लावून ठेवायला सांगितल्या. त्या हॉलची फरशी एक फुटी आहे. सरांनी खडूने एका टोकाला रेघ मारली, मग एक फरशी सोडून दुसरी रेघ, मग तीन फरश्या सोडून, मग पाच, मग सात. एकूण सोळा. म्हणाले, हा वरून सोडलेला चेंडू आहे, फक्त आडवा घातलाय, एका सेकंदात साधारण सोळा फूट पडतो, आणि सेकंदाचे चार भाग केले तर पहिल्या भागात एक फूट, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, त्यात प्रत्येक भागाला सहा फ्रेम. मग ते टाळ्या वाजवणार आणि प्रत्येक टाळीला आपण पुढच्या रेघेवर पोचायचं. पहिली टाळी, एक पाऊल. दुसरी, एक मोठी ढांग. तिसरीला उडी मारावी लागली आणि चौथीला सात फरश्या, तिथे तर आम्ही सगळे धावत सुटलो, एक काका भिंतीलाच जाऊन टेकले. बारा जणांनी एकेक करून ते केलं, दीड तास गेला, आणि मला खरं सांगायचं तर नऊ वर्षांत कीफ्रेम, म्हणजे वस्तू कुठल्या फ्रेमला कुठे असेल याची आपण लावलेली खूण, ही खरी काय चीज आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. टाळी तीच, अंतर वेगळं. वेळ तेवढाच आणि मधली अंतरं वाढत गेली की डोळ्याला वजन दिसतं. अंतरं सारखी ठेवली की वस्तू पडत नाही, सरकते, लिफ्टसारखी. आमच्या टेम्प्लेटमधली सगळी अक्षरं लिफ्टमधून येत होती.

याला ते टायमिंग आणि स्पेसिंग म्हणतात. टायमिंग म्हणजे किती फ्रेम लागल्या, स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेममध्ये अंतर कसं वाटलं. आम्ही एडिटर लोक टायमिंग बघतो, स्पेसिंगकडे बघतच नाही, सॉफ्टवेअरवर सोडतो.

दुसऱ्या रविवारी लॅपटॉप उघडले आणि आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच चेंडू केला. इथे ईझी ईझची, म्हणजे हालचाल आपोआप गुळगुळीत करणाऱ्या बटणाची, सवय सरांनी मोडली. आपण सगळे काय करतो, दोन कीफ्रेम टाकतो, एफ नाईन दाबतो, झालं गुळगुळीत. एफ नाईन दाबलं की दोन्ही बाजूंची हँडल, म्हणजे वेग किती हळूहळू बदलतो ते ठरवणारे दांडे, ३३ टक्क्यांवर जाऊन बसतात, माझीही तिथेच आणि सगळ्या जगाचीही तिथेच, म्हणून सगळ्यांचं काम एकसारखं दिसतं. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालीचा आलेख, उघडून ते हँडल हाताने ओढायचं. मी एका नावाच्या ओळीला येताना ८५ टक्के ओढलं, म्हणजे ती झपकन आत येते आणि मग बराच वेळ हळूहळू आपल्या जागेवर बसते, आणि तीच ओळ, तोच फॉन्ट, तोच रंग असून एकदम महागाची दिसायला लागली. मी शेजारच्या मुलीला हलवून दाखवलं.

पण इथेच माझी पहिली तक्रार आहे. ग्राफ एडिटरला सरांनी जेमतेम चाळीस मिनिटं दिली. स्पीड ग्राफ वेगळा, व्हॅल्यू ग्राफ वेगळा, एकात रेघ वर गेली म्हणजे वेग वाढला आणि दुसऱ्यात वर गेली म्हणजे जागा बदलली, नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो आणि आमच्यातल्या अर्ध्या लोकांचा झालाच. या एका गोष्टीला पूर्ण रविवार हवा होता. मी घरी तीन रात्री बसून ते सोडवलं, पण ज्यांनी आधी सॉफ्टवेअर हातात घेतलं नव्हतं ते तिथेच मागे पडले ते शेवटपर्यंत.

तिसऱ्या रविवारी ॲनिमेशनची बारा तत्त्वं आली. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली ती पुस्तकात मांडली, कार्टूनसाठी. ज्याला ॲनिमेशन शिकायचं त्याला ती पाठ करायला लावतात. सरांनी बारा फळ्यावर लिहिली आणि मग म्हणाले, टायटलला सगळी सारखी लागत नाहीत. स्क्वॅश आणि स्ट्रेच, म्हणजे दबणं आणि ताणणं, अक्षरावर वापरलं तर फार जपून, कारण चेंडू दबला तरी चेंडूच राहतो पण अक्षर दबलं की वाचता येत नाही. टायटलला मुख्य म्हणजे टायमिंग, ईझ, अँटिसिपेशन, ओव्हरलॅप (या दोघांचं पुढे सांगते), आणि स्टेजिंग, म्हणजे एका वेळेला प्रेक्षकाने एकाच ठिकाणी बघावं अशी मांडणी. आमच्या टेम्प्लेटमध्ये नाव येत असताना पाकळ्या पण पडतात, चमक पण जाते, मागे फोटो पण हलतो, बघणाऱ्याने नक्की कुठे बघायचं?

अँटिसिपेशन समजवायला त्यांनी बॅचमधल्या एका मुलाला उभं केलं, तो ढोल पथकात वाजवतो. त्याला म्हणाले, नुसत्या हाताने टोल मारून दाखव. त्याने टिपरू धरल्यासारखा हात मागे नेला, किंचित थांबला आणि मारला. आता हात मागे न नेता मार. त्याला जमेना, म्हणजे हात हलला पण त्यात जीवच नाही. तो मागे जाणारा हात म्हणजे अँटिसिपेशन. शब्द उजवीकडे जोरात जायचा असेल तर आधी दोन-तीन फ्रेम डावीकडे थोडासा ओढायचा, प्रेक्षकाला ते दिसत नाही पण जाणवतं. याच मुलावरून आवाजाचंही निघालं. आवाज एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर जातो, म्हणजे मिरवणुकीत ढोल तीस मीटर लांब असेल तर टोल पडलेला आपल्याला आधी दिसतो आणि दोन फ्रेमनंतर ऐकू येतो. डोळ्याला आणि कानाला याची जन्मापासून सवय आहे. म्हणून शब्दाचा ठोका आणि संगीताचा ठोका जुळवताना शब्द एक-दोन फ्रेम आधी आला तर चालून जातं, पण आवाज आधी आणि शब्द मागून आला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मी जुनी कामं उघडून बघितली, माझे शब्द बहुतेक सगळीकडे मागून येत होते.

आता मुख्य गोष्टीवर येते, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. चौथा आणि पाचवा रविवार देवनागरीचा.

इंटरनेटवर शिकवणारे सगळे इंग्रजी अक्षरांवर शिकवतात. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, खाली एक रेघ आहे आणि त्यावर ती सुटी सुटी उभी आहेत. त्यामुळे ती खालून उगवतात, उड्या मारतात, एकेक करून पडतात, सगळं शोभतं. आपली अक्षरं उभी नसतात, टांगलेली असतात. हे वाक्य सरांचं, पण ते खऱ्या अर्थाने समजलं ते बॅचमधल्या दिंडोरीच्या एका मुलामुळे. त्याच्या घरी द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, म्हणजे तारेवरच्या घडासारखी? सर थांबले आणि त्यालाच म्हणाले, तार हलवली की काय होतं ते सांग. आणि तो सांगत गेला, की आधी तार हलते, मग काडी, मग घडाचा वरचा भाग, आणि खालचे मणी सगळ्यात शेवटी. तार थांबली तरी घड थांबत नाही, दोन हेलकावे घेतो, मोठा घड सावकाश आणि लहान घड भरभर, आणि सगळ्यात टोकाचा मणी सगळ्यात शेवटी शांत होतो. यालाच फॉलो थ्रू आणि ओव्हरलॅपिंग ॲक्शन म्हणतात, त्यावर मी किती व्हिडिओ बघितले असतील, त्या मुलाच्या दोन मिनिटांइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही.

तर शिरोरेखा ही तार. ती आधी यायला पाहिजे, किंवा निदान आधी हलायला पाहिजे. मग अक्षराचा मुख्य भाग, दोन-तीन फ्रेम मागे. मग काना आणि वेलांटी. खालचे उकार, रुकार सगळ्यात मागे. अँकर पॉइंट, म्हणजे अक्षर ज्या बिंदूभोवती फिरतं तो, अक्षराच्या मध्यावर किंवा तळाशी ठेवायचा नाही, वर शिरोरेखेवर न्यायचा, म्हणजे अक्षर फिरलं तरी वरून लटकल्यासारखं फिरतं. एवढा एक बदल केला आणि माझ्या स्क्रीनवरचं मराठी नाव पहिल्यांदा मराठी असल्यासारखं हललं. आधी ते इंग्रजी नाव मराठीत लिहिल्यासारखं हलत होतं.

यासाठी अक्षरं फोडावी लागतात. आफ्टर इफेक्ट्सचं जुनं व्हर्जन असेल तर आधी टाईपच्या प्रेफरन्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करायचं, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. मग टेक्स्टवरून शेप, म्हणजे सुटे आकार, बनवायचे, शिरोरेखा कापून वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, घ्यायची आणि बाकीची अक्षरं त्या लेयरला पॅरेंट करायची, म्हणजे बांधायची. किचकट आहे, एका नावाला मला पहिल्यांदा दोन तास लागले, आता चाळीस मिनिटांत होतं.

आणि इथे माझीच एक चूक सरांनी पकडली, ती लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. मी शुभविवाह हा शब्द घेतला होता. शिरोरेखा डावीकडून उजवीकडे एक सलग सरळ रेघ ओढली, छान ईझ दिला, खाली अक्षरं लटकवली. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मोठ्याने वाचा. मी वाचलं, शुभविवाह. म्हणाले, जे लिहिलंय ते वाचा. बघितलं तर शुमविवाह. भ वरची शिरोरेखा अखंड नसते, डोक्यावर गाठीपाशी तुटलेली असते, मी सलग रेघ ओढली आणि भ चा म झाला. ध चा घ होतो तसाच. थ, ध, भ, आणि काही फॉन्टमध्ये श सुद्धा, यांच्या डोक्यावर जागा सोडावीच लागते. आपण लहानपणापासून लिहितोय म्हणून डोळा ते आपोआप दुरुस्त करून वाचतो, पण मोठ्या पडद्यावर आजोबा ते बघणार आणि त्यांना खटकणार.

टाईपरायटर इफेक्टचंही तसंच, ज्यात अक्षरं टाईप होतायत तशी एकेक येतात. आपण कि टाईप करतो तेव्हा आधी क येतो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी, पण ती बसते क च्या डावीकडे, त्यामुळे पडद्यावर क आधी येतो आणि पुढच्या फ्रेमला दचकून उजवीकडे सरकतो. सूर्य लिहिताना तर आधी पूर्ण र दिसतो आणि मग तो उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून टाईप होण्याच्या क्रमाने एकेक न आणता पूर्ण अक्षर, मात्रेसकट, एका दमात आणायचं. ट्रॅकिंगचा तो स्वस्तातला इफेक्ट, ज्यात अक्षरं हळूहळू लांब लांब जातात, तो इंग्रजीत देखणा दिसतो, मराठीत शिरोरेखेचे तुकडे पडतात. हे मी नऊ वर्षं शेकडो लग्नांत केलंय आणि मला एकदाही वाटलं नाही की कुठेतरी रेघ तुटतेय.

या दोन रविवारांसाठी पूर्ण फी वसूल आहे असं माझं स्पष्ट मत. फक्त एक राहिलं. जुन्या प्रेसवाल्यांकडून अजूनही पत्रिकेचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये येतो आणि तो आपल्याकडे उघडला की भलतीच चिन्हं दिसतात, ही नाशकातल्या प्रत्येक एडिटरची रोजची कटकट आहे, त्यावर सर काहीच बोलले नाहीत. विचारलं तर म्हणाले, परत टाईप करा. ते आम्ही करतोच आहोत.

सहाव्या रविवारी काडेपेट्या आणायला सांगितल्या होत्या, प्रत्येकी दोन. कारण दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला माणूस, पुढे त्यांची फिल्म कंपनी नाशकातच होती आणि १९४४ साली गेले तेही नाशकातच. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही सगळे शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आलेलो, पण हा माणूस ॲनिमेशन करत होता हे बॅचमधल्या एकालाही माहीत नव्हतं. राजा हरिश्चंद्र १९१३ चा, त्याच्याही आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं होतं, आणि नंतर आगकाड्यांची मौज नावाची फिल्म केली, ज्यात काड्या स्वतःहून हलतात. ती फिल्म आज शिल्लक नाही. सर म्हणाले, तुम्ही करा.

मग आम्ही जमिनीवर काळे कागद पसरले, मोबाईल स्टुलाला चिकटपट्टीने उलटा बांधला आणि काड्या सरकवत फोटो काढत गेलो. सेकंदाला बारा फोटो, प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरायचा, याला ऑन टूज म्हणतात. चार सेकंदांना ४८ फोटो. आमच्या गटाने काड्यांनी नाशिक लिहायचं ठरवलं. पहिल्या वीस फोटोंनंतर कळलं की प्रत्येक फोटोत उजेड वेगळा पडतोय कारण मोबाईल स्वतःच एक्सपोजर बदलतोय, म्हणजे फिल्म लुकलुकणार. एक्सपोजर आणि फोकस लॉक करून पहिल्यापासून सुरुवात केली. मग पंखा बंद करावा लागला कारण काड्या हलत होत्या, आणि एप्रिलचा महिना, अकरा जण, खिडक्या बंद. घामाने निथळत आम्ही एकेक काडी दोन मिलिमीटर, मग चार, मग सहा अशी सरकवत होतो, आणि शेवटच्या काडीला शिरोरेखा करायची का पहिल्या काडीला यावर आमच्या गटात खरंखुरं भांडण झालं. मी पहिल्या काडीच्या बाजूने होते. शिरोरेखा आधी ठेवली आणि बाकीच्या काड्या खालून येऊन तिला लटकल्या. ते चार सेकंद मी आत्तापर्यंत किती वेळा बघितले मोजलं नाही. कॉम्प्युटर मधल्या फ्रेम स्वतः भरतो, इथे प्रत्येक मधली जागा आपल्या बोटाने ठरवावी लागते, म्हणून स्पेसिंग हातात बसतं. माझी सूचना अशी की हा रविवार सहावा नको, दुसराच हवा.

त्याच दिवशी दुपारी सॉल बास, सिनेमाची टायटल करणारा अमेरिकन डिझायनर, त्याचं काम दाखवलं. १९५५ चा द मॅन विथ द गोल्डन आर्म, काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, एकेक करून आत येतात, वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात आणि शेवटी त्यांचाच एक वाकडा तुटका हात होतो. त्याच्या आधी टायटल म्हणजे नावांची यादी, ती चालू असताना लोक जागा शोधत असायचे आणि काही थिएटरांत तर पडदाही उघडलेला नसायचा, म्हणून या सिनेमाच्या रिळांबरोबर पडदा आधी उघडा अशी सूचना गेली होती असं सांगतात. त्या पट्ट्यांमध्ये आज आपल्याला करता येणार नाही असं काही नाही. आयत आहेत आणि पोझिशनच्या कीफ्रेम आहेत. पण ती गोष्ट व्यसनाची आहे आणि पट्ट्या बघूनच अंगावर येतं. सरांनी तेव्हा विचारलेला प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, की तुमच्या टायटलमधली नावं झाकली तर गोष्ट कुणाची आहे ते कळतं का?

वाचायच्या वेळेचाही एक साधा नियम तिथेच मिळाला. नाव पडद्यावर एवढा वेळ ठेवायचं की नेहमीच्या वेगात ते मोठ्याने दोनदा वाचून व्हावं. टेम्प्लेट इंग्रजी नावांच्या मापाने बनवलेली असतात, आमच्याकडे चि. सौ. कां. पासून सुरू होऊन कुळ आणि गावापर्यंत ओळ जाते, ती दीड सेकंदात कोण वाचणार.

आता उरलेल्या तक्रारी. सातव्या रविवारी लाइट गेली, इन्व्हर्टर नाही, दीड तास वाया गेला आणि तो नंतर भरून दिला नाही. ॲडमिशन घेताना रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते, एकही मिळालं नाही. आवाजाचा भाग फक्त शेवटच्या अर्ध्या तासात उरकला. पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत जावं लागतं. आणि एक मनापासून सांगते, सर काम तपासताना सगळ्यांसमोर फार सडेतोड बोलतात. मला चाललं कारण मी गिऱ्हाइकांचं ऐकून घट्ट झालेय, पण एक पहिल्या वर्षाचा मुलगा पाचव्या रविवारनंतर आलाच नाही, आणि त्याच्या हातात चांगली कला होती. चूक दाखवायलाच हवी, पण ती त्याला बाजूला घेऊनही दाखवता आली असती. हे मी सरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले मी त्याला फोन करतो. केला की नाही माहीत नाही.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने आपलं टायटल दाखवायचं होतं. मला त्याच सुमारास येवल्याचं एक लग्न मिळालं होतं, मुलीचे वडील पैठणी विणतात, घरात माग आहे. मी ठरवलं की यांना साडूच्या घरचं टायटल जाणार नाही. १८ सेकंद. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जातो तो, डावीकडून येतो आणि त्याच्या मागे जरीचा एक धागा, तो धागाच शिरोरेखा. मग त्या धाग्याला शुभविवाह ही अक्षरं लटकतात, हलकासा हेलकावा घेतात आणि शांत होतात. भ पाशी धागा तोडायचा कसा यावर मी दोन दिवस अडले होते, नुसती मोकळी जागा सोडली की धागा तुटल्यासारखा दिसायचा, लग्नाच्या टायटलमध्ये तुटलेला धागा कसा चालेल. मग मुलीच्या घरी शूटिंगला गेले असताना माग जवळून बघितला. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ताण्याच्या, म्हणजे उभ्या, काही धाग्यांच्या खालून जातो आणि पुढे परत वर येतो. तसंच केलं. भ च्या डोक्यावर उभे धागे दाखवले आणि जरीचा धागा त्यांच्या खालून गेला. तुटला नाही, खाली गेला. सरांनी ते दोनदा लावायला सांगितलं आणि काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या बॅचला दाखवायला फाइल मागितली.

मुलीच्या वडिलांना मोबाईलवर दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मग म्हणाले, ताई छान आहे, पण धोटा असा दमत दमत येऊन थांबत नाही हो, येतो तो खटकन थांबतो. मी त्याला सवयीने लांबलचक ईझ दिला होता. घरी येऊन त्या कीफ्रेमचं हँडल काढून टाकलं, धोटा पूर्ण वेगात येऊन काठाशी थांबतो आणि धागा दोन फ्रेम ताणून परत सैल होतो असं केलं, आणि फाइल परत पाठवली.

नवीन बॅच दिवाळीनंतर आहे असं ऐकलं. ज्यांनी आफ्टर इफेक्ट्स कधीच उघडलेलं नाही त्यांनी आधी महिनाभर घरी हात बसवून मग जावं, नाहीतर ग्राफ एडिटरपाशी अडकाल. आपले हेडफोन न्या, पाण्याची बाटली न्या, आणि काडेपेट्या दोन नाही, चार न्या.